मदत हवी आहे : एसीशिवाय कॅम्परव्हॅन थंड कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात राहतो आणि एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेत आहोत. उद्यमनगरातील कारागिराने आतील सीट काढून दिल्या असून, पत्र्याला आतून अस्तर कशाचे लावावे हे ठरवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे. एसी रात्रभर चालेल एवढी बॅटरी आमच्या खर्चात बसत नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये.

एप्रिलच्या दुपारी छताला आतून तळहात टेकवला तरी चटका बसतो. छताला बाहेरून पांढरा रंग देणार आहोत. गरम हवा वर चढत असल्याने छतात हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा पंखा आणि सावलीच्या बाजूस खाली जाळीची खिडकी, अशी योजना आहे. मात्र गगनबावड्याच्या पावसात ते भोक गळू नये म्हणून काय करावे? अस्तरासाठी लावलेल्या चकचकीत फॉइलसमोर हवेची पोकळी नसेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून नायट्राइल रबरच्या उष्णतारोधक शीटचा विचार आहे. ती आपल्यापैकी कोणी वापरली आहे का?

वाळ्याचे ओले पडदे किंवा छोटा कूलर सोलापूरच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण घाट उतरून मालवणला गेल्यावर दमट हवेत पाणी नीट उडत नाही आणि आत नुसती घुसमट होते. कोकणात मुक्काम करणाऱ्यांनी रात्रीची झोप कशी साधली, हे सविस्तर कळवावे.