मदत हवी आहे: धिंगरीच्या काडातला ओलावा वजनावरून कसा ठरवावा?

घरातल्या एका खोलीत मी गव्हाच्या काडावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) वाढवत आहे. काडाचे 3 ते 5 सेंटिमीटरचे तुकडे रात्रभर भिजवून, 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून, निथळल्यावर थरांमध्ये बियाणे पेरत पिशव्या भरतो. पहिल्या खेपेस काड दोनच तास निथळले; आठवड्याभरात तळाशी पिवळसर पाणी साचले, आंबूस वास सुटला आणि हिरवी बुरशी धरली. दुसऱ्या खेपेस ते रात्रभर पसरून ठेवले, तर अळिंबीची पांढरी वाढ अर्ध्यावरच थांबली.

मुठीत दाबल्यावर थेंब न गळता तळवा ओलसर व्हावा, ही कसोटी मला ठाऊक आहे, पण माझी मूठ दर वेळी निराळाच कौल देते. खोलीचे तापमान 24 ते 27 अंश असते, बियाणे ताजे होते आणि पिशव्यांना बाजूंनी छिद्रे आहेत. काड वाळवायला गच्ची किंवा ओव्हन नाही. साधा वजनकाटा आहे.

वाळलेल्या काडातही सुमारे 10 टक्के पाणी असते असे धरल्यास, 65 टक्के ओलाव्यासाठी 1 किलो काड निथळल्यावर साधारण 2.6 किलो भरायला हवे. गरम पाण्यात काडाचा काही अंश विरघळून जातो, हे लक्षात घेता हा हिशेब भरवशाचा आहे का, आणि पिशवीच्या तळालाही छिद्रे पाडावीत का?