कथेतलं वर्णन कापा म्हणणाऱ्यांना उत्तर

धरमपेठी: काल इथे एका सदस्यानं लिहिलं, "आजच्या वाचकाला वेळ नाही, कथेतलं वर्णन कापा, संवाद आणि प्लॉट तेवढा ठेवा." वाचून डोकंच फिरलं. अहो, वर्णन म्हणजे काय नुसती सजावट आहे का? नवरा-बायकोचा अबोला दाखवायचा आहे, संवाद आणणार कुठून, ते बोलतच नाहीत! नागपुरातला मे महिना, पारा 45 च्या वर, ती संध्याकाळी पाइप घेऊन पोरांच्या खोलीतल्या कूलरची टाकी काठोकाठ भरते, आणि त्याच्या खोलीतला कूलर तसाच, टाकी कोरडी, खस कडकडीत वाळलेली, रात्रभर नुसता गरम वारा फेकतो. झालं की भांडण सांगून! आता याला वर्णन म्हणाल की प्लॉट?

इतवारीकर: ते लिहिणारा मीच. एक चांगलं उदाहरण दिलं म्हणून बाकीच्यांचं माफ नाही होत. कथास्पर्धेचा परीक्षक होतो, गठ्ठाभर कथा आल्या, कितीतरी कथांचं पहिलं पान नुसती संध्याकाळ. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त, गुलमोहर, घरट्याकडे परतणारे पक्षी. माणूस उगवतो दुसऱ्या पानावर. मी परीक्षक असून कंटाळलो, वाचक कशाला थांबेल?

सक्करदरा: अन् संवादाबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं. "दादा, तुला माहीतच आहे की बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि शेत अजून काकांच्या नावावर आहे." सख्खा भाऊ भावाशी असा बोलते का कुठं? वाचकाला माहिती द्यायची म्हणून पात्राच्या तोंडात कोंबायची. त्यात पात्र काटोलचं अन् भाषा सदाशिव पेठेतली. माझ्या कथेत आजी म्हणे, "काऊन बाप्पा, जेवला नाही काय?" संपादकानं छापलं, "का रे बाळा, जेवला नाहीस?" माझी आजीच गायब केली त्यानं!

इतवारीकर: सांगलीच्या वाचकाला समजायला नको?

सक्करदरा: त्यांची बोली आम्ही लहानपणापासून समजून घेतलीच ना? आमची आली की गडी नाहीतर मोलकरीण, अन् तेही हसवायला. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त धरणगावकर देशपांडे वऱ्हाडी बोलतात, विजया मेहतांनी 1985 मध्ये मुंबईत केलं ते नाटक. कोणाचं अडलं?

अजनीवाला: ती वऱ्हाडी झाली. नागपुरी वेगळी. सगळ्यांना एका पोत्यात भरू नका.

धरमपेठी: विषय कुठं नेला! पण त्याच नाटकात दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. घराण्याची अवस्था तोच सांगतो. वस्तू म्हणून काढून टाकाल?

इतवारीकर: बरं, ट्रॅक्टर ठेवा, कूलर ठेवा. गुलमोहर मात्र कापणारच, कारण तो काढला तरी त्या कथेत कोणाचंच काही बिघडत नाही. आणि बोलीचं म्हणाल तर प्रत्येक ओळीत "बे" पेरला म्हणजे बोली होत नाही.

सक्करदरा: पेरते कोण? आम्ही तसंच बोलतो. तुमच्याच इतवारीत टपरीवर चहा घेत उभे राहा, कान उघडे ठेवा, मग सांगा.

अजनीवाला: अन् तिथं ऐकू येईल ती नागपुरी. दुसऱ्यांदा सांगून राहिलो.