नांगर गमावल्यावर हर्णैहून पुढे जावे का?

धागाकर्ता

मुंबईहून मालवणला निघालेली आमची २६ फुटी शिडाची होडी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात हर्णैला, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला रात्रीपुरती उभी होती. पहाटे वाऱ्याचा जोरदार झोत आला, होडीने नांगराला दोन-तीन हिसके दिले आणि दोर हातात सैल आला. टोक पाहिले तर पीळ उलगडून कापसासारखे फुलले होते. नांगर आणि दोर यांच्यामध्ये साखळी अवघी दोन मीटर असल्याने दोर खडकावर घासून तुटला होता. आता उरला आहे तो जेवणापुरते थांबायला वापरतो तो लहान नांगर.

माझे मत असे आहे की अशा वेळी एखादा मुक्काम गाळून भागत नाही, सगळा बेतच नव्याने मांडावा लागतो. आमचे निम्मे मुक्काम उघड्या किनाऱ्याजवळ नांगरावर काढायचे होते आणि भरवशाचा नांगरच नसेल तर ते रद्द झाले असेच धरले पाहिजे. त्यात हंगाम चक्रीवादळांचा आहे. फयान आले ते ११ नोव्हेंबर २००९ ला. क्यार २४ ऑक्टोबर २०१९ ला नुसते कमी दाबाचे क्षेत्र होते आणि २७ तारखेला त्याचे महाचक्रीवादळ झाले होते. म्हणून दाभोळच्या खाडीत शिरून होडी धक्क्याला बांधावी, नवा नांगर मिळेपर्यंत हलू नये आणि त्याला उशीर झाला तर यंदा मालवण सोडून द्यावे, असे मला वाटते.

प्रतिसाद १

मी सहमत नाही. थांबले की सुरक्षित झालो, हे आपण गृहीत धरले आहे. दाभोळच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. दूर समुद्रात वादळ असले तरी त्याच्या लाटा अशा दांड्यावर फुटू लागतात, आणि मग बाहेर थांबून भरतीची वाट पाहायची तर नांगरच लागतो, जो आपल्याकडे नाही. जयगडचे मुख खोल आहे आणि ते दाभोळपासून फार तर सतरा सागरी मैल पुढे आहे. या दिवसांत दुपारी वायव्येचा वारा धरतो, म्हणजे दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो. मुंबईकडे परतायचे तर तोच वारा तोंडावर येईल. २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेवरून गोव्याला परतताना नौदलाच्या तारिणी या शिडाच्या नौकेच्या सुकाणू यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा तिच्यावरच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ठरलेले वेळापत्रक बाजूला ठेवून मॉरिशसचे पोर्ट लुई गाठले. जिथे दुरुस्ती होईल ते बंदर गाठावे, मग ते थोडे दूर असले तरी चालेल. बेत बदलावा, पण तो पुढे जाण्यासाठी.

प्रतिसाद २

माझे घर हर्णैच्या मासेमारीतले आहे, म्हणून लिहितो. आपण दोघेही पुढच्या बंदरांचा विचार करत आहात, पण ज्या बंदरात उभे आहात तिथे कोणत्याही तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडे, चौकशी केलीत तर नांगर मिळेल. एक मात्र लक्षात ठेवावे की आमचा लोखंडी आकड्यांचा नांगर खडकात घट्ट धरतो, पण खाडीच्या मऊ चिखलात तो ओढला जातो. तिथे रुंद पात्याचाच नांगर लागतो. पाणी पाच मीटर आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर दोन्ही मिळून सहा मीटरच्या सातपट हिशेबाने ४२ मीटर दोर सोडावा लागतो, आणि हा हिशेब ओहोटीच्या पाण्यावर न करता भरतीच्या पाण्यावर करायचा असतो. हर्णै उघडे बंदर आहे. धोक्याचा बावटा लागला की आमच्या होड्यासुद्धा इथे राहत नाहीत, त्या आंजर्ल्याच्या खाडीत नाही तर जयगडला जातात.

धागाकर्ता

दाभोळच्या दांड्याचा मुद्दा मला पटला. माझी सूचना त्या ठिकाणी चुकली होती आणि ती मी मागे घेतो. तारिणीचा दाखला मात्र मी उलटा वाचतो. गोवा म्हणजे त्यांचे घर तेवढे उरले होते, तरीही सुकाणू दुरुस्त झाल्याशिवाय त्या निघाल्या नाहीत. नांगर नसणे म्हणजे हवे तेव्हा थांबता न येणे, आणि हे मला सुकाणू बिघडण्याइतकेच गंभीर वाटते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ या तेलक्षेत्रातल्या कामगारांना राहण्याच्या, बिनइंजिनाच्या बार्जचे नांगर निकामी झाले, तो वाहत जाऊन तेलफलाटाला धडकला आणि बुडाला. कित्येक माणसे गेली. त्याला इंजिन असते तर काय झाले असते हा वेगळा प्रश्न, पण आमच्या होडीचे इंजिनही वादळात तग धरण्याजोगे नाही.

उद्या इथूनच नांगर आणि दहा मीटर साखळी घेतो. हवामान खात्याचा पुढच्या तीन दिवसांचा अंदाज स्वच्छ असेल तरच जयगडला निघू. त्यापुढे जायचे की नाही हे मी आज ठरवणार नाही.

प्रतिसाद १

जयगडपर्यंत आपले एकमत आहे. तिथे चिखलात धरणारा नांगर मिळाला आणि आठवडाभर अंदाज स्वच्छ राहिला, तर रत्नागिरी आणि विजयदुर्ग असे दोन मुक्काम करून मालवण गाठता येईल. दोन्ही ठिकाणी आडोसा आहे. निर्णय जयगडला पोहोचल्यावर घ्या, पण मालवण आत्तापासून सोडून देऊ नका.