‘मिळवती’ की ‘कमावती’?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या बचत गटांसाठी एक कायदेविषयक पत्रक मराठीत करतेय. लग्न झालेल्या बाईची कमाई तिची स्वतःची, हा विषय. मी ‘मिळवती बाई’ लिहिलं. मुद्रितशोधकांनी सगळीकडे ‘कमावती’ केलं, ‘मिळवती’ खेडवळ वाटतं म्हणे. ‘पोरगं मिळवतं झालं’ आपण म्हणतोच ना? मग सून मिळवती का नको?

शुद्धाक्षर: ‘मिळवती’च ठेवा. ‘कमावती’ हिंदी वळणाचं आहे.

तासगावची: हिंदी कसलं? कातडं कमावतात, तालमीत अंग कमावतात. आज्जीच्या तोंडचे शब्द आहेत हे. ‘मिळवणे’त नुसतं हाती येणं आहे, ‘कमावणे’त कष्ट आहेत.

शुद्धाक्षर: यश ‘मिळवतो’ तेव्हा कष्ट नसतात?

वाईचा: ‘स्त्रीधन’ आहे की तयार शब्द.

कृष्णाकाठ: तो अजिबात नको! कात्यायन या प्राचीन धर्मशास्त्रकाराने स्पष्ट म्हटलंय, शिल्पाने म्हणजे हातच्या कलाकौशल्याने मिळवलेल्या धनावर नवऱ्याचं स्वामित्व. उरलेलं ते स्त्रीधन. म्हणजे माहेरची बुगडी तिची, पण स्वतःच्या हातांनी मिळवलेलं तिचं नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 ने हे मोडलं. तिथं तिने स्वतःच्या कौशल्याने आणि श्रमाने मिळवलेली मालमत्ता वेगळी सांगितलीय, स्त्रीधन वेगळं. आणि दोन्हींवर तिची पूर्ण मालकी. पत्रकात ‘स्त्रीधन’ घातलं की बायका डब्यातले दागिनेच आठवणार.

माणदेशी: शब्द कुठलाही घ्या, घरात वापरतात तो वेगळाच. माझी आत्या दहिवडीकडे शिक्षिका होती. पगार सासूबाईंच्या हातात, एसटीच्या भाड्याला रोज त्यांच्याकडेच मागायचे. आत्याचे यजमानही शिक्षक, पगार जवळपास सारखाच. पण त्यांच्या पगारावर ‘घर चालायचं’, तिचा ‘हातभार लागायचा’. तीस वर्षं हेच ऐकलं तिनं. मला अजून राग येतो.

वाईचा: ‘हातभार’ वाईट नाही हो. आमच्याकडे कौतुकानं म्हणतात.

तासगावची: भारा डोक्यावर चढवताना दुसऱ्यानं लावलेला हात तो हातभार, असं मी धरते. भारा ज्याचा त्याचाच राहतो. ती हात लावत नव्हती, निम्मा भारा वाहत होती.

शुद्धाक्षर: ही व्युत्पत्ती कोशात पाहिल्याशिवाय मानणार नाही.

माणदेशी: आत्ताच आत्याला फोन केला. म्हणाली, “मी पगारदार होते. तेवढंच लिही.”

कृष्णाकाठ: वा! ‘पगारदार बाई’. बाई-पुरुष दोघांना एकच शब्द.

शुद्धाक्षर: ‘पगार’ पोर्तुगीज, ‘दार’ फारसी. ‘वेतनधारक’ आहे ना.

तासगावची: आणि आमच्याकडे बेदाणा निवडायला जाणाऱ्या बायका? त्या रोजानं जातात. त्यांना पगारदार कोण म्हणेल? तुमच्या गटांत त्याच जास्त असतील ना?