पंचायत समितीच्या आवारातल्या ब्राँझ पुतळ्यावर हिरवे डाग, रंग मारावा का?

जेई_परभणी
पंचायत समितीच्या आवारात स्वामी रामानंद तीर्थांचा सात फुटी उभा ब्राँझ पुतळा आहे. चौथरा सहा फूट, वरून ग्रॅनाइट, भोवती हिरवळ. खांद्यावर आणि वस्त्राच्या चुण्यांत हिरवे डाग आलेत, गुडघ्याखाली पांढरट ओघळ आहेत आणि डाव्या पायापासून ग्रॅनाइटवर एक तांबडा ओघळ उतरलाय. १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाआधी काम उरकायचं आहे. ठेकेदार म्हणतो सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून सोनेरी ऑइल पेंटचे दोन हात मारतो. चालेल का?

ओतशाळा
अजिबात नको. सँडब्लास्टिंगनं पॅटिना, म्हणजे ब्राँझवर वर्षानुवर्षं बसलेला संरक्षक थर, जातोच, शिवाय चेहऱ्यावरचं बारीक काम बोथट होतं. ऑइल पेंट आपल्याकडच्या उन्हात फुटतो, भेगेतून पाणी आत शिरतं आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

हिरवं दोन प्रकारचं असतं. लाकडी काडीनं खरवडून बघा. घट्ट, गुळगुळीत, निघत नसेल तर तो पॅटिनाच. त्याला हात लावू नका. फिकट हिरवी भुकटी निघाली आणि खाली बारीक खड्डा दिसला, तर क्लोराइडचा रोग आहे. ओल आणि हवा मिळेल तोवर तो आत खात जातो.

स्वच्छतेला सौम्य, आम्ल-क्षार नसलेला द्रव साबण, लिटरला ५ मिली. नायलॉनचा मऊ ब्रश, वरून खाली. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, तारेची घासणी यांतलं काही नाही. रोगाचे ठिपके काडीनं आणि पितळी तारेच्या बारीक ब्रशनं मोकळे करून त्यावर बेंझोट्रायझोल (तांब्याचं गंजणं रोखणारं रसायन) लावायचं, १ लिटर अल्कोहोलमध्ये ३० ग्रॅम. हातमोजे आणि मास्क लागतोच. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत बर्नर जवळ आणायचा नाही.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण. धातू बर्नरनं इतकाच तापवा की पाण्याचा थेंब चुरचुरून उडावा. मेणाचा पातळ हात ब्रशनं फिरवा, गार झाल्यावर सुती कापडानं चमकवा. पावसाळ्याआधी आणि नंतर असा वर्षातून दोनदा हात दिला की पुरे.

मुरूम_आणि_काळी
पांढरे ओघळ हिरवळीच्या फवाऱ्याचे आहेत. बोअरच्या जड पाण्याचे क्षार वाळून बसतात, त्यात क्लोराइडही असतं. फवाऱ्याची दिशा बदला. पुतळा धुवायलाही बोअर किंवा टँकरचं पाणी नको, आरओचं चार-पाच जार मागवा.

चौथऱ्याचे सांधेही बघा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर चौथरा हलतो आणि ग्रॅनाइटचे सांधे उघडतात. भोवती एक मीटरची फरशी बाहेरच्या उतारानं करा, हिरवळ तिच्यापलीकडे.

ओळंबा
वरचं सगळं बरोबर, पण तुमचा खरा प्रश्न तांबडा ओघळ आहे. ब्राँझ गंजून तांबडं पाणी येत नाही, ते लोखंडाचं. म्हणजे आतला सांगाडा किंवा अँकर बोल्ट (पुतळा चौथऱ्याला जखडणारे) साध्या लोखंडाचे आहेत. ओलीत ब्राँझला टेकलेलं लोखंड आधी खाल्लं जातं, गंज फुगतो आणि वेल्डचे सांधे उकलतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हाही गंज आणि वेल्डिंगवरच बोट ठेवलं गेलं. इथे समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

पायांच्या तळाशी, मागच्या बाजूनं ८ ते १० मिमीचं भोक आहे का ते बघा. नसेल तर आत पाणी साठतंय. शिल्पकाराच्या सल्ल्यानं सर्वांत खालच्या जागी भोक पाडा, त्यातूनच मोबाईलला जोडायचा बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, घालून सांगाडा बघा. समोरून आणि बाजूनं ओळंबा लावून फोटो ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतील. बोल्ट बदलायचे झाले तर ३१६ स्टेनलेस, ब्राँझशी स्पर्श टाळायला नायलॉनचे वॉशर. तोवर पुतळ्याला शिडी टेकवून हार घालणं बंद. चौथऱ्यापासून सुटी, स्वतःच्या पायावर उभी शिडी करून घ्या.

जेई_परभणी
मागं भोक नाहीच. पण अंदाजपत्रकात फक्त 'रंगकाम' हेच कलम आहे.

ओळंबा
मग सुधारित अंदाजपत्रक टाका : तपासणी, स्वच्छता आणि मेण, सांगाड्याची दुरुस्ती, अशी तीन वेगळी कलमं. तिसऱ्याची रक्कम बोअरस्कोप झाल्याशिवाय लिहू नका. १७ तारखेआधी धुणं आणि मेण होईल, सांगाड्याचं काम घाईत करू नका.

ओतशाळा
आणखी एक. काम सुरू करण्याआधी तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, चारही बाजूंचे फोटो घालून पंचनामा करा. पुतळा अचानक कापडानं झाकलेला दिसला की तासाभरात आवारात गर्दी जमते. कामाचा फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत, कापड बांधायच्या आधी लावा.