मदत हवी आहे : रोव्हरवर 2 मेगापिक्सेलचाच कॅमेरा का? (अर्जंट!)

लगीनघाई
उद्या लेकीचं विज्ञान प्रदर्शन. तक्त्यावर लिहिलंय, मंगळावरच्या रोव्हरचा (तिथे फिरणाऱ्या गाडीचा) कॅमेरा 2 मेगापिक्सेल. परीक्षक विचारणारच, 'माझ्या फोनला 50, नासाला परवडत नाही का?' दोन ओळींत उत्तर द्या. गुगलून झालंय, डोकं उठलं.

मंगळागौर
कुठला रोव्हर? मंगळावर ढीगभर गेलेत. इयत्ता कितवी?

लगीनघाई
क्युरिऑसिटी, अजून कुठला! सातवी.

हॅमकाका
रेडिएशन. विषय संपला. एक वैश्विक कण चिपमधून गेला की मेमरीतल्या 0 चा 1 होऊ शकतो. म्हणून तर रोव्हरचा प्रोसेसर रेडिएशन सोसणारा रॅड 750, जेमतेम 200 मेगाहर्ट्झचा. मूळ चिप नव्वदच्या दशकातली. रशियाचं फोबोस-ग्रुंट यान आठवा : 2011 ला उडालं, पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते अवकाशासाठी न तपासलेल्या मेमरी चिपांवर.

मंगळागौर
काका, ताईंनी कॅमेरा विचारलाय, प्रोसेसर नाही. कॅमेरे 2004 लाच ठरले, यान उडालं 2011 ला. मधली वर्षं तपासण्यांत गेली. एकाच जातीचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) चार कॅमेऱ्यांना लावला, म्हणजे तपासणीही एकाचीच. शिवाय फोटो पाठवायचे कसे? वरून जाणारा ऑर्बिटर (मंगळाभोवती फिरणारं यान) आठेक मिनिटं दिसतो, तेवढ्यात 100 ते 250 मेगाबिट जातात. त्यातही सगळ्या उपकरणांचा वाटा.

टपरीवाला
मग मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचं काय? फोनमधला स्नॅपड्रॅगन 801 प्रोसेसर, 13 मेगापिक्सेलचा कॅमेरा. ठरली होती 5 उड्डाणं, केली 72! 'जुनं ते सोनं' पुरे झालं.

हॅमकाका
ते हेलिकॉप्टर प्रयोग होता हो. पडलं तरी रोव्हरचं काम चालूच. रोव्हरचा मेंदू गेला तर? दुरुस्तीला कोण जाणार, तुम्ही?

चकली_कडबोळी
फोन घ्यायचाच असेल तर मेगापिक्सेल बघू नका, सेन्सरचा आकार बघा. दिवाळीत ऑफर असतात.

लगीनघाई
फोन कोणी मागितलाय?? तक्त्यावर काय लिहू ते सांगा!

मंगळागौर
रोव्हरची सेल्फी लावली आहे का?

लगीनघाई
हो, मोठ्ठी.

मंगळागौर
2012 च्या ऑक्टोबरातली असेल तर तो एक फोटो नाहीच. हाताच्या टोकावरच्या 2 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने 55 फोटो काढून जोडलेत. फोटो काढताना रोव्हर जागचा हलत नाही, मग तुकडे जोडून हवं तेवढं मोठं चित्र करता येतं. हेच लिहा, खाली 2004 आणि 250 मेगाबिट.

टपरीवाला
सातवीचं प्रदर्शन मुलांचं की आयांचं?

लगीनघाई
ती झोपलीये. 55 चिकटवते. काका, प्रोसेसरचं विचारलं तर?

हॅमकाका
आता कसं! लिहून घ्या...