चालू व्हॉल्यूम मिरर करताना

एक प्रश्न नेहमी येतो: डेटा असलेला एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा हाताळणारी व्यवस्था) व्हॉल्यूम, म्हणजे तिने आखून दिलेला जागेचा भाग, मिरर करायचा, म्हणजे त्याची दुसऱ्या डिस्कवर सतत जुळती प्रत ठेवायची, तर आधी फॉरमॅट करावा लागेल का. अजिबात नाही. एलव्हीकन्व्हर्ट ही कमांड हे काम व्हॉल्यूम माउंट असताना, त्यावर वाचणं-लिहिणं सुरू असतानाच करतं. तिला टाइप रेड१ (मिररचा प्रकार) आणि एम १ हे पर्याय द्या. एमचा आकडा जादा प्रतींचा आहे, म्हणजे मूळ धरून दोन प्रती होतात.

नवी डिस्क त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमने एकत्र धरलेल्या डिस्कच्या गटात) हवी, हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते जुन्या डिस्कवर. रेड१ प्रत्येक प्रतीशेजारी, त्याच डिस्कवर, एक छोटा मेटाडेटा भाग (मिररच्या नोंदींसाठी) ठेवतो. जुनी डिस्क काठोकाठ वापरलेली असेल तर त्याला जागा मिळत नाही आणि कमांड नकार देते. एक एक्स्टेंट (एलव्हीएमचं जागा वाटायचं एकक) मोकळा लागतो, डीफॉल्ट ४ एमबीचा. त्यामुळे कमांड देण्याआधी पीव्हीएस या कमांडने दोन्ही डिस्कची मोकळी जागा बघाच.

नंतर एलव्हीएस ही व्हॉल्यूमची यादी दाखवणारी कमांड ए पर्यायासह चालवून सिंकची, म्हणजे दोन्ही प्रती जुळण्याची, टक्केवारी बघत राहा. १०० होईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका, कारण पूर्ण डेटा तोवर फक्त तिच्यावरच असतो.

परत एका प्रतीवर यायचं असेल तर एलव्हीकन्व्हर्टला एम ० द्या. पण कोणती डिस्क काढायची तिचं नाव कमांडच्या शेवटी लिहाच, नाहीतर निवड एलव्हीएम करेल. खराब होत चाललेली डिस्क बदलताना हे फार महत्त्वाचं आहे. आणि मिरर केलात तरी बॅकअप चालू ठेवा; चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.